मोटारीत जादा दिवे, हॉर्न आणि इतर उपकरणे बसवताना रिले: जोडणी, फ्यूज आणि ट्रिगर

तारयंत्री (धागाकर्ता)

पावसाळा जवळ आला की आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात फॉग दिवे, जादा हॉर्न आणि अँप्लिफायर यांबद्दलची विचारणा वाढते. अशा बहुतेक चर्चांत 'रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून घ्या' एवढे सांगून लोक मोकळे होतात. रिले कोठे बसवायचा, त्याला चालना कोठून द्यायची आणि फ्यूज कोणत्या टोकाला हवा, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या पाहण्यात ज्या गाड्यांचे वायरिंग करपले, त्यांतल्या अनेकांत रिले होता. चुकले होते ते बाकीचे सगळे. म्हणून हा स्वतंत्र धागा.

मूळ तत्त्व सोपे आहे. सोसायटीच्या पंपाचे पॅनेल ज्यांनी उघडलेले पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की टाकीतल्या फ्लोट स्विचच्या बारीक वायरीतून मोटरचा करंट जात नाही; ती वायर फक्त पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचला, ओढते आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. मोटारीतला रिले हा त्याच जातीचा. डॅशबोर्डवरचा स्विच रिलेच्या कॉइलला (आतला चुंबक तयार करणारे तारेचे वेटोळे) साधारण ०.१५ अँपिअर देतो आणि दिव्यांचे आठ-दहा अँपिअर बॅटरीपासून रिलेमार्गे थेट दिव्यांकडे जातात.

बाजारात मिळणाऱ्या चौकोनी रिलेच्या पायांजवळ जे आकडे छापलेले असतात ते जर्मन मानकातले आहेत आणि जवळजवळ सगळीकडे तेच चालतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. प्रघात असा की ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह, द्यावी. ३० वर बॅटरीची पॉझिटिव्ह, अर्थात फ्यूजमधून आलेली, आणि ८७ वरून उपकरणाकडे जाणारी वायर. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो आणि कॉइल बंद असताना ३० हा याच पायाशी जोडलेला असतो. याचा अर्थ रिले 'बंद' असतानाही त्या मधल्या पायावर पूर्ण बॅटरी उभी असते. चार पायांचा रिले मागितला असता दुकानदार 'हाच घ्या, यातच तोही येतो' म्हणून पाच पायांचा हातात देतो. तो चालतो, परंतु मधला पाय सॉकेटमध्ये झाकलेला आहे याची खात्री करून घ्यावी आणि तेथे चुकूनही वायर खोचू नये.

रिलेने नक्की काय साधते, याचे उत्तर बहुतेक जण 'स्विच जळत नाही' एवढेच देतात. ते खरे आहे, परंतु माझ्या मते दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७ ते ०.०१८ ओहम असतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा करंट बॅटरीपासून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) आत, स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत आणि तेथून पुन्हा पुढे असा फेरा मारतो, आणि त्या वायरी बऱ्याचदा एक चौरस मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यात स्विचची झिजलेली टोके आणि मधले कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) मिळवा, म्हणजे दिव्यापर्यंत पोहोचेतो एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक वाटेतच जातो. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. गायमुखच्या घाटात पाऊस कोसळत असताना हा ३० टक्क्यांचा फरक कोणालाही सांगावा लागत नाही. अधिक वॅटचे बल्ब आणण्याआधी आहे त्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळते की नाही हे पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता फ्यूज. रिले कोणतेही संरक्षण देत नाही, हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिले असते तरी चालले असते. संरक्षण फ्यूज देतो, आणि तोही मुख्यतः उपकरणाला नव्हे तर वायरीला. त्यामुळे त्याची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. रिलेजवळ नव्हे आणि दिव्याजवळ तर मुळीच नव्हे. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा असुरक्षितच राहतो. तो लांब ठेवला, बोनेटच्या बिजागरीशी किंवा बॅटरीच्या पट्टीशी घासून सोलला आणि बॉडीला टेकला, तर स्टार्टर फिरवताना शंभरावर अँपिअर सहज देणारी बॅटरी ती वायर काही क्षणांत लालभडक करते. हिशेब असा करावा: ५५ वॅटचे दोन हॅलोजन फॉग दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर, त्याला निळा १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी होते. फ्यूज उडतो म्हणून पिवळा २० किंवा हिरवा ३० घालणे हा उपाय नाही. तो का उडतो ते शोधावे.

ट्रिगर, म्हणजे ८६ ला मिळणारी पॉझिटिव्ह, ही खरी विचार करण्याची गोष्ट. ती थेट बॅटरीवरून घेतली तर चावी काढल्यावरही उपकरण चालू राहू शकते. इग्निशनवर येणाऱ्या फ्यूजवरून घेतली तर गाडीबरोबर सगळे बंद होते. फॉग दिव्यांसाठी ती पार्किंग दिव्यांच्या ओळीवरून घेऊन मध्ये स्वतंत्र स्विच देणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण मग मुख्य दिवे बंद करताना हेही आपोआप विझतात. अँप्लिफायरच्या बाबतीत स्टिरिओच्या मागची निळी-पांढरी रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओबरोबर अँप्लिफायर चालू-बंद करणारी वायर, फारच थोडा करंट देऊ शकते. तिच्यावर एक अँप्लिफायर चालतो, परंतु सोबत पंखा किंवा दुसरे काही जोडायचे असेल तर मध्ये रिले घालावा.

शेवटी जागा. रिलेचे पाय खाली येतील असा तो उभा बसवावा आणि त्याकडे येणारी वायर थोडी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी वळणावरच गळून जाते. खाडीलगतच्या खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर हिरवे पडते. त्यामुळे आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरावी. काळी इन्सुलेशन टेप बोनेटखालच्या उष्णतेत सुटते आणि मागे चिकट राळ ठेवते.

जुनीगाडी

तारयंत्री साहेब, सविस्तर लेखनाबद्दल आभार. व्होल्टेजच्या मुद्द्याला माझ्याकडून पुस्ती जोडतो. माझी गाडी जुनी आहे. इंजिन चालू ठेवून आणि हेडलाइट लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे बल्बच्या कपलरमागच्या पॉझिटिव्ह पिनवर ठेवले, तेव्हा वाटेत जाणारा व्होल्टेज थेट वाचता आला: १.४ व्होल्ट. कपलर काढून पाहिला तर एका पिनभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहासारखे तपकिरी झालेले आणि थोडे फुगलेले होते. रिले बसवल्यावर हाच आकडा ०.२ वर आला. ही तपासणी करायला पाच मिनिटे पुरतात आणि पैसे लागत नाहीत, तेव्हा रिलेचे किट विकत घेण्याआधी प्रत्येकाने ती करावी असे सुचवतो.

एक शंका आहे. माझ्या भावाच्या गाडीत कपलरच्या सामाईक पिनवर स्विच बंद असतानाही पॉझिटिव्ह येते. हे बिघाडाचे लक्षण आहे का?

तारयंत्री

बिघाड नाही. काही जपानी रचनेच्या गाड्यांत हेडलाइटची पॉझिटिव्ह कायम किंवा मुख्य स्विचवर उभी असते, आणि लो-हाय बदलणारा स्विच निगेटिव्ह तोडतो-जोडतो. अशा गाडीत बाजारातले सर्वसाधारण किट जसेच्या तसे लावल्यास दिवे लागत नाहीत किंवा विचित्र वागतात. कॉइलचे ८६ त्या उभ्या पॉझिटिव्हवर आणि ८५ हे कपलरच्या लो किंवा हाय पिनवर जोडले की काम होते. कोणत्या प्रकारची गाडी आहे हे टेस्ट लॅम्पने आधी पाहावे, अंदाजाने नव्हे.

खारघर_चालक

लेख चांगला आहे, परंतु मला यातील बराचसा भाग कालबाह्य वाटतो. आता बहुतेक जण एलईडी दिवे बसवतात. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, सव्वातीन अँपिअर. डॅशबोर्डवर १० अँपिअरचा चांगला स्विच लावला, बॅटरीजवळ फ्यूज दिला, तर रिलेची गरजच काय? प्रत्येक जादा जोड हा पावसाळ्यात बिघाडाचे एक जादा ठिकाण असतो. मी पाम बीच रस्त्याने रोज जातो आणि माझे दिवे रिलेशिवाय व्यवस्थित चालतात.

तारयंत्री

आपला जोडांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि सव्वातीन अँपिअरसाठी रिले 'लागतोच' असे मी म्हणणार नाही. डॅशकॅमसारख्या उपकरणाला तर तो लावणे निरर्थकच आहे. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप पुरतो. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. रिलेशिवाय जोडताना दिव्यांचा पूर्ण करंट वाहणारी वायर फायरवॉलच्या पत्र्यातून आत येते आणि पुन्हा बाहेर जाते. रिले असला तर त्या पत्र्यातून फक्त कॉइलची बारीक वायर जाते, जिला दोन-तीन अँपिअरचा फ्यूज देता येतो. दुसरे म्हणजे पार्किंग दिव्यांबरोबर विझण्याची सोय. ती रिलेशिवाय करायची तर दिव्यांचा सगळा भार गाडीच्या मूळ पार्किंग ओळीवर टाकावा लागतो, आणि ती ओळ एवढ्या भारासाठी आखलेली नसते.

वायरमनकाका

खारघरच्या मित्रांनी स्विचवर छापलेला १० अँपिअरचा आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे ते पाहावे. पुष्कळ स्विचवर तो २५० व्होल्ट एसीसाठी दिलेला असतो. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसीत ती सोय नाही. एसीचा आकडा डीसीला तसाच लागू होत नाही. हॅलोजन असेल तर आणखी एक गोष्ट: थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापटीच्या आसपास करंट ओढते. स्विचची टोके काळी पडतात ती या दोन कारणांनी.

आयुष्य ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामात गेले, तेव्हा खरेदीबद्दल दोन शब्द सांगतो. कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या बाजूला किंवा तुर्भ्याला रिले घ्याल तर त्यावरचे १२ व्ही हे अक्षर वाचून घ्या. ट्रकचे २४ व्होल्टचे रिले दिसायला अगदी तसेच असतात, सॉकेटमध्येही बसतात. मोटारीच्या १४ व्होल्टवर ते ओढत नाहीत किंवा थरथरत राहतात, आणि माणूस दिवसभर दिव्यात दोष शोधत बसतो. बारा व्होल्टच्या रिलेची कॉइल मल्टिमीटरवर साधारण ८० ते ९० ओहम दाखवते. २४ व्होल्टची त्याच्या तिपटीहून अधिक. दुकानातच मोजता येते.

आणि घराच्या वायरिंगची उरलेली वायर बोनेटखाली वापरू नका. तिचे प्लास्टिक साधारण ७० अंशांचे असते, मोटारीच्या वायरीचे १०५ अंशांपर्यंतचे मिळते. इंजिन आणि एक्झॉस्टच्या जवळ हा फरक एका उन्हाळ्यात दिसतो. घरची वायर कडक होऊन बोटाने वाकवली की तडकते.

कळव्याची

नमस्कार. माझा प्रश्न काहीसा वेगळा आहे. गेल्या वर्षी एका दुकानातून अँप्लिफायर आणि सबवूफर बसवून घेतले. दुकानदाराने रिले लावल्याचे बिलावर लिहून दिले आहे. गाडी रोज चालवली तर काही त्रास नाही, परंतु आठवडाभर गावी गेले की परतल्यावर बॅटरी पूर्ण बसलेली असते. बॅटरी बदलून पाहिली, तरीही तेच घडते. दुकानदार म्हणतात की रिले असल्यामुळे करंट खाण्याचा प्रश्नच येत नाही.

तारयंत्री

ताई, दुकानदारांचे म्हणणे बरोबर नाही. रिलेची कॉइल स्वतः करंट घेते. ट्रिगर चावी काढल्यावरही जिवंत राहणाऱ्या ठिकाणावरून घेतलेला असेल, उदाहरणार्थ ज्या गाड्यांत १२ व्होल्टचे सॉकेट कायम चालू असते अशा सॉकेटवरून, तर कॉइल दिवसरात्र ओढलेली राहते. ०.१५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास. आपल्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे असे धरले तरी आठवडा संपेपर्यंत त्यातले २५ गेलेले असतात, आणि रिले ओढलेला असल्याने अँप्लिफायरही आवाज न करता जागा राहून आपला वाटा घेतो, तो वेगळाच.

तपासणी सोपी आहे. रात्री गाडी बंद करून ठेवावी आणि सकाळी, चावी लावण्याआधी, रिलेच्या डबीला बोट लावून पाहावे. आजूबाजूचा पत्रा थंड आणि रिले कोमट लागला तर कॉइल रात्रभर चालू होती. मग ट्रिगरची वायर इग्निशनवर येणाऱ्या फ्यूजवर किंवा स्टिरिओच्या रिमोट वायरीवर हलवणे एवढेच काम उरते. रिले किंवा बॅटरी बदलण्याची गरज नाही.

कळव्याची

रिले खरोखरच कोमट लागला. वायर कोठून घेतली आहे हे शोधताना ती सॉकेटच्या मागे मूळ वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेली आढळली. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून ती हलवून घेते. मनापासून आभार.

वायरमनकाका

पीळ देऊन टेप लावणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण. निळ्या रंगाचे चिमटा-जोडही मी वापरत नाही. त्यांचे पाते मूळ वायरीचे काही धागे कापते आणि तेथूनच गंज आत शिरतो. चांगल्या क्रिंपिंग पान्याने वायरीवर दाबलेले थिंबल (धातूचे टोक) सर्वांत टिकाऊ. सोल्डर केलेला जोड दिसायला सुबक असतो, पण कथील वायरीत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि गाडीच्या कंपनाने वायर त्या ताठ भागाच्या कडेलाच तुटते. सोल्डर करायचेच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्यावा.

ऐरोलीवाला

माझी गाडी नवीन आहे आणि सेवा केंद्रातील तंत्रज्ञांनी सांगितले की दिव्यांच्या वायरीला काहीही जोडू नका, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा गाडीतला संगणक) खराब होईल. ही केवळ वॉरंटीची भीती आहे की त्यात तथ्य आहे?

तारयंत्री

तथ्य आहे, जरी ते बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठ्या आवाजात सांगितले जाते. नव्या गाड्यांत पार्किंग दिव्यांना सरळ १२ व्होल्ट न देता मॉड्यूल ते वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करते. अशा ओळीवर रिलेची कॉइल लावली की रिले घरघरतो आणि त्याची टोके लवकर झिजतात. काही मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी करंट मोजतात आणि जादा भार दिसला की डॅशबोर्डवर इशारा देतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉइल बंद होताना काय घडते. कॉइलमधला करंट एकदम तोडला की तिच्यात उलट दिशेने व्होल्टेज उसळते, ते क्षणभर काहीशे व्होल्टपर्यंत जाऊ शकते, आणि मॉड्यूलमधल्या ट्रान्झिस्टरला ते मारक ठरू शकते. यासाठी आतमध्ये डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. रिलेच्या डबीवर छापलेल्या छोट्या आकृतीत ते दिसते. डायोड असलेल्या रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हा नियम आता प्रघात राहत नाही, सक्ती होते, कारण उलटे जोडल्यास डायोड सरळ शॉर्टसारखा वागतो. साध्या किंवा रेझिस्टरवाल्या रिलेत उलटसुलट चालून जाते.

आपल्या गाडीत मी दिव्यांच्या ओळीला हात लावणार नाही. इग्निशनवर येणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून ट्रिगर घ्यावा, स्वतंत्र स्विच द्यावा, आणि पार्किंग दिव्यांबरोबर विझण्याची सोय सोडून द्यावी. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर लहानशी काळी डबी बसवलेली दिसली तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे. तेव्हा उपकरणांची अर्थ थेट त्या टोकावर न आणता बॉडीवरच्या बोल्टवर, रंग खरवडून, द्यावी. तसे न केल्यास जादा उपकरणांचा करंट सेन्सरला टाळून जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकत राहतो.

पलावावाली

इलेक्ट्रिक गाडीला हेच लागू आहे का? मला फक्त हॉर्न बदलायचा आहे.

तारयंत्री

होय, कारण दिवे, हॉर्न, काचा हे सगळे इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालते. ती मोठ्या बॅटरीपासून कन्व्हर्टरमार्फत भरली जाते. जाड नारिंगी वायरींना मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने, हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात.

हॉर्नबाबत एक सोपी गोष्ट अशी की बहुतेक गाड्यांत कंपनीचा हॉर्न रिले आधीच असतो. नवीन हॉर्नची जोडी त्याच्या मूळ फ्यूजच्या क्षमतेत बसत असेल तर नवीन रिलेची गरज नाही. बसत नसेल तर जुन्या हॉर्नचा कपलर हाच नव्या रिलेचा ट्रिगर करावा, म्हणजे मूळ वायरिंग कोठेही कापावे लागत नाही आणि वॉरंटीसाठी गाडी नेताना सगळे परत काढता येते. एकामागून एक निरनिराळे सूर वाजणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार निषिद्ध आहेत. ते घेऊ नयेत.

खारघर_चालक

स्विच काढून पाहिला. त्यावर २५० व्होल्ट एसी असेच छापले आहे आणि टोकांवर काजळी धरू लागली आहे. एलईडी असूनही. तेव्हा रिले बसवतो. दोन दिव्यांना एक रिले पुरेल की दोन लावावेत?

वायरमनकाका

४० वॅटला एकच पुरतो, साध्या रिलेची क्षमता त्याच्या कितीतरी वर असते. पण ८७ च्या पुढे वायर दोन दिव्यांकडे फुटते तेथे दोन्ही फाट्यांना वेगवेगळा ५ अँपिअरचा फ्यूज द्या आणि बॅटरीजवळचा फ्यूज १५ चा ठेवा. एका दिव्यात पाणी शिरून शॉर्ट झाले तर त्याचा फ्यूज उडेल आणि दुसरा दिवा चालू राहील.